आईचा गुडघा, मामाचा गुडघा

आईच्या एमआरआयमध्ये आतल्या बाजूच्या मेनिस्कसला (गुडघ्यातल्या गादीला) चीर आणि सांध्याची सुरुवातीची झीज निघाली. वय अठ्ठावन्न. डॉक्टर म्हणाले, "गादी फाटलीय. दुर्बिणीतून तेवढा तुकडा काढून टाकू, दुसऱ्या दिवशी घरी." मेडिक्लेममध्ये बसत होतं, मामाचाही आग्रह होता. मी स्टॅटिस्टिक्सवाली, म्हणून घरात ठरलं, 'तूच वाचून सांग काय ते.'

'ऑपरेशन केलं आणि बरं वाटलं' हा पुरावा मी आधीच बाजूला ठेवला. गुडघा कमीजास्त दुखतच असतो, आणि माणूस डॉक्टरकडे जातो ते अगदी असह्य झाल्यावर. त्यानंतर काहीही केलं तरी थोडं बरं वाटतंच. त्यामुळे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडलेले अभ्यासच तेवढे वाचले.

पहिला हाती लागला २००२ चा, ह्यूस्टनचा. झीज झालेले १८० रुग्ण. काहींचा सांधा दुर्बिणीतून धुतला, काहींचा आतून साफ केला, आणि उरलेल्यांना नुसते कातडीवर छेद देऊन खोटं ऑपरेशन! रुग्णाला खरं वाटावं म्हणून पाणी उडवल्याचा आवाजसुद्धा केला. दोन वर्षांनी तिन्ही गटांत फरक नाही. मात्र यातले बहुतेक रुग्ण पुरुष, माजी सैनिक. आईशी त्यांचा काय संबंध, हा मामाचा प्रश्न रास्त होता. फिनलंडच्या २०१३ च्या अभ्यासात १४६ जण होते, चीर होती पण झीज नव्हती. तिथेही खोट्या ऑपरेशनशी तुलना, वर्षभरानंतर निकाल तोच. नॉर्वेत २०१६ मध्ये १४० जणांवर थेट व्यायाम विरुद्ध ऑपरेशन करून पाहिलं. दोन वर्षांनी दोघं सारखेच, पण तीन महिन्यांनी मांडीची ताकद व्यायामवाल्यांची जास्त.

सगळ्यात जास्त अडकले ते अमेरिकेतल्या ३५१ रुग्णांच्या अभ्यासात, कारण त्यातले लोक हुबेहूब आईसारखे: पंचेचाळिशीच्या पुढचे, चीरही आणि झीजही. एका गटाला ऑपरेशन आणि व्यायाम, दुसऱ्याला नुसता व्यायाम. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखे. पण व्यायामाच्या गटातल्या ३० टक्के लोकांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं! मामाने हेच धरलं, "बघ, शेवटी कापावंच लागतं." आता, अशा अभ्यासात माणूस मधेच पलीकडे गेला तरी मोजतात मूळ गटातच. म्हणजे व्यायाम गटाच्या सुधारणेत या ऑपरेशनवाल्यांचाही वाटा असणार, हे खरं. पण त्याची दुसरी बाजू अशी की बाकीच्या ७० टक्क्यांनी तोवर ऑपरेशन केलेलं नव्हतं. मला हा आकडा पुरेसा वाटला. आधी व्यायाम करावा, नाहीच भागलं तर ऑपरेशन कुठे पळून जात नाही.

व्यायामाची बाजूही काही पोलादी नाही. खोटं ऑपरेशन करता येतं, खोटा व्यायाम कसा करणार? आपण व्यायाम करतोय हे रुग्णाला ठाऊक असतंच, आणि दुखणं किती ते तोच सांगतो. कॉक्रेन या संस्थेच्या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यांत फायदा दिसतो, पण माफक.

डॉक्टरांना मी एकच विचारलं, "आईचा गुडघा मधेच अडकून बसतो का? सरळच होत नाही, असं?" कारण तसे रुग्ण या अभ्यासांत सहसा घेतलेच नव्हते. त्यांनी पुन्हा तपासलं, नाही म्हणाले, आणि जराशा नाखुशीनेच फिजिओची चिठ्ठी लिहून दिली.

खुर्चीवरून हात न टेकता उठणं, पायरी चढ-उतर, पायाला रबरी पट्टा. आई पहिले काही आठवडे माझ्या नावाने बोटं मोडत होती. "अगं, दुखतंय त्यालाच कसली शिक्षा?" फिजिओने सांगितलं होतं, थोडं दुखलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी सूज यायला नको. आता ती मंडईतून पिशवी घेऊन चालत येते. जिना उतरताना अजून कुरकुरते.

मधल्या काळात मामालाच गुडघ्याचा सांधा बदलायला सांगितलं, आणि त्याचा मला फोन, "आता माझे पेपर काढ!" त्याची झीज शेवटच्या टप्प्यातली, रात्री झोप नाही. डेन्मार्कमध्ये सांधा बदलण्याजोगी झीज असलेल्या १०० जणांवरचा अभ्यास २०१५ मध्ये आलाय. सांधा बदलून व्यायाम केलेल्यांना वर्षभरात नुसत्या व्यायामवाल्यांच्या जवळपास दुप्पट आराम पडला, गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त. तरी नुसत्या व्यायामवाल्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी त्या वर्षात सांधा बदलला नाही. दोन्ही बाजू मी त्याला वाचून दाखवल्या. त्याने दिवाळीनंतरची तारीख घेतलीय, आणि तोवर मांडीची ताकद वाढवायला आईच्याच फिजिओकडे जातोय.