झेड ड्राइव्ह आणि कुंकवाचा करंडा

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. "अरे, तीन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत. येऊन जरा जोडून दे. तासाभराचं काम आहे." गिऱ्हाईक जेव्हा स्वतःच तासाभराचं काम म्हणतं तेव्हा मी दुपारचा डबा सोबत घेतो. त्या दिवशी घेतला नाही. रात्री साडेदहाला घरी पोचलो.

काका नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून दोन मिनिटांवर राहतात. वाड्याचा पुढचा भाग पाडून इमारत झाली, मागचा अजून उभा आहे आणि काकांचं काम तिथेच चालतं. ते दिवाळी अंकांची पानं लावतात. अक्षरजुळणी, मांडणी, सगळं स्वतः. काकू प्रुफं तपासतात, तांबड्या पेनाने, कागदावरच. मुखपृष्ठ आणि चित्रं सूनबाई बघतात. मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे, तो फक्त सल्ले देतो.

यंत्रं तीन. काकांचं विंडोज एक्सपीवालं, सूनबाईंचा विंडोज अकराचा लॅपटॉप आणि काकूंसमोर विंडोज दहाचा कॉम्प्युटर. या तिघांमध्ये इतकी वर्षं एक पेन ड्राइव्ह फिरत होता. फिरणं संपलं की तो देवघराशेजारच्या कुंकवाच्या जुन्या करंड्यात जायचा. हरवू नये म्हणून काकूंनीच ती जागा ठरवली होती. हरवला तो कधीच नाही, पण आठवड्यापूर्वी त्याच्यावरची जुनी प्रत दुरुस्त केलेल्या पानांवर चढली आणि काकूंची दोन दिवसांची प्रुफं पाण्यात गेली. पेन ड्राइव्हवर 'अंतिम', 'अंतिम नवे' आणि 'अंतिम खरे' अशा तीन फायली मी स्वतः पाहिल्या.

एक्सपी अजून का, हे मी विचारलं नाही. दहा वर्षांपूर्वी एकदा विचारलं होतं. त्या यंत्राच्या मागे लांबट प्रिंटर पोर्टला एक लॉक लावलंय. ते असेल तरच काकांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चालतं, आणि पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधली त्यांची वीस वर्षांची पानं त्याच फाँटमध्ये आहेत. नव्या यंत्राला ते पोर्टच नसतं. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार एप्रिल 2014 मध्ये काढून घेतला, काकांनी नाही.

पहिला तास राऊटरनेच खाल्ला. दाराशी फायबर कंपनीचा डबा. वाड्याच्या दोन-दोन फुटी भिंतींतून वायफाय मागे पोचत नाही म्हणून मुलाने आत दुसरा राऊटर लावलेला. पण पहिल्याची तार दुसऱ्याच्या इंटरनेटच्या भोकात घातलेली. त्यामुळे दुसरा राऊटर स्वतःचे वेगळे पत्ते वाटत बसला होता. पुढच्या खोलीतला लॅपटॉप 192.168.1 च्या आळीत, मागची दोन यंत्रं 192.168.0 च्या. इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित, म्हणून कुणाला शंका आली नाही. मी आतल्या राऊटरचं पत्ते वाटणं बंद केलं, त्याला बाहेरच्या आळीतला एक पक्का पत्ता दिला आणि तार उपसून साध्या लॅनच्या भोकात घातली. बस्स. घरातल्या फोल्डर शेअरिंगच्या तक्रारींत हे मला इतक्यांदा सापडलंय की हल्ली मी आधी राऊटर मोजतो.

मग लॅपटॉप आणि काकूंचं यंत्र. सूनबाईंच्या लॅपटॉपवर घरचं वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं होतं. स्टेशनवरच्या फुकट वायफायला लावतात तोच नियम घराला, म्हणजे कुणालाही तोंड दाखवायचं नाही. ते 'प्रायव्हेट' केलं. मग पासवर्ड मागायला लागला. वहिनी, म्हणजे सूनबाईच, चार आकडी पिन टाकत होत्या आणि तो नाही म्हणत होता. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून आलेल्याला खात्याचा खरा पासवर्डच लागतो. तो त्यांना आठवेना, आणि पिनची सवय लागलेल्या कुणालाच तो आठवत नाही. मी शेअरिंगपुरतं वेगळं खातं काढलं.

"झालं?" काकांनी विचारलं. साडेअकरा वाजले होते. मी म्हटलं, आता तुमचं.

फायली वाटण्यासाठी विंडोज जी भाषा बोलतं तिला एसएमबी म्हणतात. एक्सपीला तिची फक्त पहिली आवृत्ती येते. मार्च 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या आवृत्तीतलं भोक बुजवणारा पॅच काढला. ज्यांनी तो लावला नाही त्यांच्यावर मे महिन्यात वॉनाक्राय आलं. फायली कुलूपबंद करून खंडणी मागायचं आणि जाळ्यातल्या पुढच्या यंत्रावर आपोआप उडी मारायचं. त्याच वर्षाच्या शेवटी विंडोज दहा त्या पहिल्या आवृत्तीशिवायच येऊ लागलं. म्हणून अकरावाल्या लॅपटॉपला काकांचं यंत्र दिसत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

ती भाषा परत चालू करायला 'विंडोज फीचर्स'मध्ये एक खूण करायची आणि यंत्र परत सुरू करायचं, इतकंच. मुलाने फोनवरून तेच सांगितलं, "करून टाका हो, बाबांच्या पानांवर कोण हल्ला करणार?" पानांवर कुणी करत नाही, हे खरं. पण वॉनाक्रायलाही कुणाची पानं वाचायची नव्हती. वहिनींच्या लॅपटॉपवर बँकेपासून मुलीच्या शाळेपर्यंत सगळं आहे. हे काम मी पूर्वी दोन-तीन घरी केलंय, नाही असं नाही. या वेळी नको वाटलं.

माझ्या दुकानात, ओंकारेश्वराजवळ, स्क्रीन फुटलेला एक लॅपटॉप पडून होता. त्यावर लिनक्स आणि विंडोजची ती भाषा बोलणारा सांबा हा कार्यक्रम घालून तो दुभाषा म्हणून मध्ये बसवायचा. एक्सपीशी जुन्या भाषेत बोलेल, बाकीच्यांशी नव्या. एक्सपीला पक्का पत्ता द्यायचा आणि गेटवेची चौकट रिकामी सोडायची. घरातल्या घरात फिरेल, उंबऱ्याबाहेर जाणार नाही. काकूंची एकच हरकत होती, पितृपक्षात नवीन वस्तू घरात नको. लॅपटॉप पंधरा वर्षं जुना आहे म्हटल्यावर चालला.

तो आणून जोडेपर्यंत दीड. आणि मग एक्सपी पासवर्ड मागत बसलं. टाकला, परत मागितला. "बरोबर टाकतोयस, मी बघतोय," काका मागे उभे राहून सांगत होते, आणि अशा वेळी मागे कुणी उभं असलं की मला धड 'ए' सापडत नाही. पासवर्ड खरंच बरोबर होता. एक्सपी तो पटवून द्यायला जुनी पद्धत वापरत होतं आणि सांबा हल्ली ती पद्धत ऐकूनच घेत नाही. एक्सपीच्या सुरक्षा धोरणात जाऊन त्याला एनटीएलएम या पासवर्ड पटवायच्या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत बोलायला लावलं तेव्हा दार उघडलं. दुभाष्यावरचं सगळ्यांचं फोल्डर काकांच्या पडद्यावर झेड ड्राइव्ह म्हणून दिसलं. काका वामकुक्षीला गेले.

चारला उठून आले ते थेट पेजमेकरवर. झेड ड्राइव्हवर काकूंनी हौसेने फोल्डर करून ठेवले होते: 'दिवाळी अंक', त्यात 'जून', 'जुलै', 'ऑगस्ट', लेख ज्या महिन्यात आले त्याप्रमाणे. काकांच्या पडद्यावर नावांच्या जागी चौकोन. पेजमेकरच्या खिडकीत तर नुसती प्रश्नचिन्हं, आणि आत जायला साफ नकार.

हे समजावून सांगताना मलाच गंमत वाटली. काकूंच्या यंत्रावरचं मराठी युनिकोड, म्हणजे 'क' हा तिथे खरोखर 'क' असतो. काकांचा फाँट त्याच्या आधीचा, त्यात इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवलेले. यंत्राच्या लेखी काका आजवर इंग्रजी अक्षरंच टाइप करत आले, फक्त त्यांना धोतर नेसवलेलं. पेजमेकरला युनिकोड माहीतच नाही, आणि त्या पिढीच्या कार्यक्रमांसाठी विंडोजमध्ये देवनागरीचं वेगळं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, कधी नव्हतंच. त्यामुळे मराठी नावाचा फोल्डर त्याला उघडता येणं शक्य नाही.

"म्हणजे मराठी अंकाच्या फोल्डरला मराठी नाव चालत नाही," काका म्हणाले.

"तुमच्या यंत्रावर नाही."

"नारायण पेठेत," ते म्हणाले, आणि स्वतः बसून सगळी नावं इंग्रजी अक्षरांत बदलली. मी तोवर वहिनींना चित्रांचे दुवे दाखवत होतो. पेजमेकर चित्राचा पत्ता धरून ठेवतो, फोल्डर हलला की प्रत्येक चित्र कुठे आहे ते विचारत बसतो. वेग बघायला म्हणून मी मुखपृष्ठांच्या सातशे एमबीच्या फायली काकांच्या डिस्कवर उतरवूनही पाहिल्या. छान उतरल्या. सहा वाजता सगळ्यांना समोर बसवून, दिवसभर सांगत होतो तेच परत सांगितलं: आता प्रत एकच, झेडवर. बाकी जुन्या प्रती काढून टाका. घोळ जुन्या प्रतींनीच होतो.

मी पिशवी भरत होतो तेव्हा काकूंनी हाक मारली. "अरे, कचरापेटीत काही दिसत नाही. नेहमी असतं ना तिथे?"

नेटवर्कवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. ती कायमचीच जाते. हे मला माहीत आहे, वीस वर्षं माहीत आहे, आणि सांगायचं राहिलं होतं. "काय पुसलंत?"

"तूच म्हणालास ना, जुने काढून टाका. एका फोल्डरवर लिहिलंच होतं."

फोल्डरवर लिहिलं होतं जे यू एन ई. काकांनी 'जून' लिहिला होता. काकूंनी 'जुने' वाचलं.

चार लेख, बावीस पानं, तीन दिवसांनी छपाईला जायची. काकांच्या डिस्कवर मूळ प्रत नव्हती, कारण त्यांनी कॉपी न करता कट करून झेडवर टाकली होती, एकच प्रत ठेवायची या माझ्याच उपदेशाला जागून. पेन ड्राइव्हवरची आठ दिवसांपूर्वीची, दुरुस्त्यांच्या आधीची.

काका काही बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "मराठीत असतं तर मला कळलं असतं. जूनमधला 'जू' दीर्घ, जुनेमधला 'जु' ऱ्हस्व."

मी आधी काकांच्या यंत्रावरचं सगळं काम थांबवलं आणि पुसलेल्या फायली शोधणारं एक साधन पेन ड्राइव्हवरून चालवलं. कट केलेली फाइल डिस्कवर लगेच मरत नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून जाहीर होते. चारही नावं सापडली. दोन लेख धड निघाले. उरलेल्या दोघांच्या पोटात भलतंच होतं, कारण मोकळ्या झालेल्या त्या जागेवर मी, मीच, सातशे एमबीची मुखपृष्ठं उतरवून वेग मोजला होता.

तेव्हा काकू उठल्या आणि फडताळातून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला. प्रुफं. अंक छापून येईपर्यंत रद्दीत टाकत नाहीत. दोन्ही लेखांची अकरा पानं, तांबड्या खुणांसकट. करंड्यातल्या पेन ड्राइव्हवरची जुनी प्रत काकांनी उघडली आणि मी शेजारी बसून दुरुस्त्या वाचून दाखवू लागलो. पहिल्या पानावर मी 'येथे स्वल्पविराम काढावा' ऐवजी 'घालावा' वाचलं. काकूंनी प्रूफ न बघता, पलीकडून, मला थांबवलं. नऊच्या सुमारास त्या पिठलं टाकायला आत गेल्या, शेवटची तीन पानं आम्ही दोघांनीच केली. काकांचे डोळे लाल झाले होते.

जेवण्याआधी मी दुभाष्या लॅपटॉपवर सांबाच्या फाइलीत दोन-तीन ओळी घातल्या. आता झेडवरून काही पुसलं तर ते आतल्या एका लपलेल्या फोल्डरात जाऊन पडतं. दुपारीच घालायच्या होत्या, पाच मिनिटांचं काम. काकांनी महिन्यांची नावं काढून शून्य सहा, शून्य सात असे आकडे दिले. पेन ड्राइव्ह करंड्यात परत गेला, रोज रात्री झेडची प्रत घ्यायची या अटीवर. संध्याकाळच्या तासांचे पैसे मी लावले नाहीत, काकांनीही आग्रह केला नाही.

वसुबारसेच्या दिवशी अंक घरी आला. आतल्या पानावर काकांनी पेनाने 'सप्रेम' लिहिलं होतं. मी आधी ते दोन लेख उघडले. दुसऱ्यात, शेवटून तिसऱ्या पानावर, लेखकाची आजी चरख्यावर बसून 'सुत कातायची' असं छापलंय. प्रुफात तांबड्याने 'सूत' केलेलं होतं, मी ते मोठ्याने वाचलंही होतं, पण बोलताना ऱ्हस्व-दीर्घ कुठे ऐकू येतं. काकू तेव्हा पिठलं हाटत होत्या. छापलेलं त्यांनी पाहिलं नसेल असं शक्यच नाही. अजून तरी मला काही म्हणालेल्या नाहीत, आणि मीही विषय काढलेला नाही.