डबलबारीचे थेट प्रक्षेपण : मंडपातून सर्व्हरपर्यंतचा टप्पा

देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत गणपतीत होणारी डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), रजा न मिळाल्यामुळे मुंबईत अडकलेल्या मंडळींना थेट दाखवण्याचा माझा खटाटोप गेल्या वर्षी तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झाला होता. मात्र बुवांनी समोरच्या बुवांना मारलेल्या टोल्यावर मंडपातला हशा ओसरून गेला, पुढचा गजर सुरू झाला, आणि तेव्हा कुठे फोनवरून मुंबईचे हसू ऐकू आले. फोनचे स्टॉपवॉच कॅमेऱ्यासमोर धरून आणि दोन्ही पडद्यांचा एकत्र फोटो काढून मोजले, तेव्हा अंतर २८ सेकंदांचे भरले.

त्याचा सगळा दोष आरटीएमपीवर, म्हणजे मंडपातून सर्व्हरपर्यंत चित्र पाठवायच्या तेव्हाच्या पद्धतीवर, ढकलणे अन्यायाचे होईल. सर्व्हर प्रेक्षकांना एचएलएस या पद्धतीने सहा-सहा सेकंदांचे तुकडे देत होता आणि प्लेअर असे तीन तुकडे जमल्याशिवाय सुरूच होत नव्हता. मीडियाएमटीएक्स या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरमधून वेबआरटीसीने (ब्राउझरमध्ये थेट चित्र-आवाज पोचवणारे तंत्र) दाखवायला लागल्यावर अंतर तीन-चार सेकंदांवर आले. पण संध्याकाळी मोबाइलचे नेटवर्क तुंबले की ते पुन्हा वाढे. आरटीएमपी टीसीपीवर (सगळे क्रमानेच पोचवणारा नेटवर्कचा नियम) चालतो, त्यामुळे एक पॅकेट (डेटाचा छोटा गठ्ठा) हरवले की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी पॅकेटे थांबून राहतात. करूळ घाटात एक ट्रक बंद पडल्यावर होते तशी गत.

म्हणून व्हिप, म्हणजे सर्व्हरपर्यंतही वेबआरटीसीनेच पाठवण्याचा मार्ग, करून पाहिला. २०२५ मध्ये तो आरएफसी ९७२५ (इंटरनेटच्या मानकाचा दस्तऐवज) म्हणून प्रमाणित झाला आणि ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिसाव्या आवृत्तीपासून आहे. घरच्या फायबरवर अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास राहिले, पण मंडपातल्या सिमकार्डावर चित्र गोठू लागले आणि झांजेचा आवाज चिरका येऊ लागला. वेबआरटीसीचा स्वभाव वेळ पाळण्याचा आहे. उशिरा येणाऱ्या पॅकेटसाठी तो फार थांबत नाही. बोलण्यात एखादा शब्द गळला तर कान सांभाळून घेतो, पण पखवाजाच्या ठेक्यात ते खपत नाही.

एसआरटी हा पाठवण्याचा तिसरा मार्ग. तो यूडीपीवर (पोच न बघता पॅकेटे पाठवणारा नियम) चालतो, हरवलेले पॅकेट पुन्हा मागवतो, आणि त्यासाठी किती थांबायचे हे आपण ठरवतो. मला हवा होता तो नेमका हाच ताबा. आमच्याकडून भाड्याच्या सर्व्हरपर्यंत पिंग (पॅकेट जाऊन परत येण्याचा वेळ) साधारण ९० मिलिसेकंद लागतो. थांबण्याची मुदत त्याच्या चौपट, म्हणजे ३६० मिलिसेकंद, हा रूढ हिशेब. संध्याकाळची गर्दी लक्षात घेऊन मी ६०० धरले. तरीही चित्रात चौकोन पडत राहिले आणि दोन रात्री मी अँटेना फिरवत बसलो. कारण शेवटी हास्यास्पद निघाले. ओबीएसच्या पत्त्यात ही संख्या मायक्रोसेकंदांत द्यावी लागते. मी ‘latency’ पुढे ६०० लिहिले होते, म्हणजे एका मिलिसेकंदाहूनही कमी. दोन्ही टोकांपैकी मोठी संख्या लागू होत असल्याने प्रत्यक्षात सर्व्हरची मूळची १२० मिलिसेकंदांची मुदत चालत होती. ६००००० लिहिल्यावर चौकोन गेले.

सिमकार्डाला बाहेरून गाठता येईल असा सार्वजनिक आयपी पत्ता नसल्यामुळे मंडप ‘कॉलर’ (जोडणी सुरू करणारा) आणि सर्व्हर ‘लिसनर’ (जोडणीची वाट पाहणारा) ठेवला आहे. पहिल्या चाचणीत चित्र आले, आवाज मात्र नाही : ओबीएस आवाज एएसी या प्रकारात पाठवत होते आणि ब्राउझरमधला वेबआरटीसी तो वाजवत नाही. आता सर्व्हरवर एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर आवाजाचे ब्राउझरला चालणाऱ्या ओपस प्रकारात रूपांतर करते. बी-फ्रेमही (मागच्या-पुढच्या चित्रांवरून बनणाऱ्या फ्रेम) बंद ठेवल्या आहेत, कारण त्या असल्या की वेबआरटीसीने पाहताना चित्र अडखळते.

रविवारच्या तालमीत स्टॉपवॉचने अंतर १.३ सेकंद दाखवले. व्हिपपेक्षा हे जास्त आहे, पण दोन तासांत झांज एकदाही तुटली नाही, त्यामुळे यंदा एसआरटीच ठेवणार आहे. आता प्रश्न विजेचा उरला आहे. राऊटर इन्व्हर्टरवर घेतला आहे. एन्कोडिंगच्या (चित्र-आवाज पाठवण्याजोगे करणाऱ्या) लॅपटॉपची बॅटरी मात्र जुनी आहे आणि पूर्ण भारावर ती वीसच मिनिटे टिकते.