फुलं ढीगभर, फळ एकही नाही

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याकडून हाच प्रश्न येतो: गच्चीवरच्या कुंड्यांतली भाजीची झाडं फुलांनी भरलीत, फळ का धरत नाही? आणि लगेच पुढचा: खत कोणतं टाकू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कोणतंच नको. युरिया तर मुळीच नको. नुसता पाला माजेल. टोमॅटोला दिवसा 35 अंशांच्या वर ऊन आणि रात्रीही उकाडा मिळाला की पराग निकामी होतात आणि फूल देठाच्या गाठीपासून गळतं. आपल्याकडे एप्रिल-मे 42 ते 45 अंशांत जातो. हिरव्या नेटखाली झाड जगेल, पण फळ धरणार नाही. बी ऑगस्टअखेरीस टाका, रोपं 25-30 दिवसांनी लावा, म्हणजे फुलं हिवाळ्याच्या तोंडावर येतात.

गिलके-दोडक्याचं दुखणं निराळं. वेलावर सुरुवातीला नुसती नरफुलं येतात, ती गळणारच. मादीफुलाच्या मागे बोटभर कोवळं फळ असतं. ते पिवळं पडून सुकलं तर समजा, परागीभवन झालं नाही. गच्चीवर मधमाश्या कमीच. मग नरफूल तोडा, पाकळ्या सोला आणि मधला भाग मादीफुलाच्या आत हलकेच घासा. वेळ मात्र सांभाळा: गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. सकाळी दोडक्याशी खटपट करणारे बरेच असतात!

वांग्याची काही फुलं आखूड कुक्षीवृंताची (फुलाच्या मधल्या मादी दांडीची) असतात, ती गळली तर गळू द्या. शेंडा मान टाकत असेल तर मात्र आत अळी आहे. वरून फवारून ती मरत नाही. सुकलेल्या भागाच्या बोटभर खालून शेंडा कापा आणि जाळून टाका. कापलेला शेंडा कुंडीतच टाकलात तर अळी बाहेर पडून पाचोळ्यात कोष करते.

कुंडीत निव्वळ काळी माती भरू नका. वाळली की ती आक्रसते, कडेला फट पडते, पाणी त्या फटीतून थेट खालच्या भोकातून निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. असं कोरडं-ओलं चाललं की टोमॅटोचं बूड काळं पडतं. काळ्या मातीत तितकंच कुजलेलं शेणखत घाला, वर दोन इंच वाळला पाला पसरा. आधीच फट पडली असेल तर काडीने माती मोकळी करून पाणी दोन-तीनदा, थोडं थोडं द्या.