पशुवैद्यक कॉलेज निवडताना मी काय पाहिलं

पशुवैद्यक व्हायचं हे माझं शाळेतच ठरलं होतं. कॉलेज कोणतं, यावर मात्र घरात रोज नवं नाव निघायचं.

पहिली चाळणी मान्यतेची. पदवी हातात येऊन नोंदणी होणार नसेल, तर बाकी सगळं फुकट. भारतात भारतीय पशुवैद्यक परिषद, ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्स, अमेरिकेत अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशन, अशी ज्या त्या देशाची संस्था आणि तिची यादी असते. नव्या कॉलेजांचं जरा बारकाईनं बघावं लागतं, कारण प्रवेश द्यायची परवानगी मिळणं वेगळं आणि पदवीला पूर्ण मान्यता मिळणं वेगळं.

माहितीपत्रकं सगळी एका साच्यातली: हिरवळ, पांढरा कोट, कुशीत पिल्लू. त्यावरून काही ठरवणं शक्यच नव्हतं. मग वाचनात आलं की युरोपात पशुवैद्यक कॉलेजांची तपासणी करताना दर पदवीधरामागे किती आजारी जनावरं आली, किती शवविच्छेदनं झाली, याचा हिशेब मांडतात. माझा प्रश्न मला तिथे सापडला. प्रत्येक ठिकाणी मी एवढंच विचारायचे, शिकाऊ मुलांच्या हाताखालून किती जनावरं जातात? आणि विचारायचे ते शेवटच्या वर्षाच्या मुलांना. प्रवेश विभाग एकूण आकडा सांगतो. हात कुणी लावला, ते मुलंच सांगतात.

एका नावाजलेल्या कॉलेजात सकाळच्या ओपीडीत उभी राहिले. खोड्यात एक गाय, तिच्याभोवती मुलांचा घोळका. सर तपासत होते, पुढची मुलं बघत होती, मागची टाचा उंचावून वहीत लिहीत होती. दुसऱ्या ठिकाणी इमारत जुनाट, पण एका गायीमागे तीनच मुलं. एका मुलीनं खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून गाभण तपासणीसाठी हात आत घातला होता.

"काय लागतंय?" सरांनी विचारलं.

"उजवं शिंग मोठं वाटतंय, सर."

"पडदा निसटतो का बघ. घाई नको."

तिनं डोळे मिटून बराच वेळ चाचपलं, मग मान हलवली. सरांनी स्वतः हात घालून खात्री केली आणि पुढच्या मुलाला बोलावलं. (शिंग म्हणजे गर्भाशयाचं आणि पडदा म्हणजे गर्भाभोवतीचा, हे मला तिथेच कळलं.)

काही कॉलेजांचं स्वतःचं मोठं रुग्णालय नसतं. मुलांना बाहेरच्या दवाखान्यांत पाठवतात. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅम आणि सरे इथे ही पद्धत आहे. तिच्यात वाईट काही नाही, उलट रोजची साधी दुखणी भरपूर बघायला मिळतात. फक्त तिथे शिकवायला कोण असतं आणि राहण्याचा खर्च कुणाचा, हे आधी विचारून घ्यावं.

आणखी दोन गोष्टी मी आवर्जून विचारल्या. जनावरांना हात लावण्याआधी मुलांना रेबीजची लस दिली जाते का? आणि वसतिगृह रुग्णालयापासून किती लांब? अडलेली गाय रात्री आली तर पोचता आलं पाहिजे. क्रमवारीकडे मी फारसं बघितलं नाही. संशोधनाला त्यात बरंच वजन असतं, आणि मला आधी सुई नीट टोचता यायला हवी होती.

शेवटी ते जुनाट इमारतीचंच कॉलेज पहिल्या पसंतीला टाकलं. त्याची लंगडी बाजू ठाऊक आहे: गायीम्हशी, शेळ्यामेंढ्या भरपूर, कुत्री-मांजरं कमी, पक्षी जवळपास नाहीतच. "मांजर धरायला इथे नाही शिकणार तू," असं तिथल्याच एका मुलानं तोंडावर सांगितलं. म्हणून पाळीव प्राण्यांच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमशी सुट्ट्यांसाठी बोलून ठेवलंय. सुरुवात पिंजरे धुण्यापासून होईल, हे त्यांनी आधीच बजावलंय.