एका ‘सी’साठी सात आठवडे

आईच्या थायरॉइडच्या औषधांचा सहा महिन्यांचा खर्च परत मिळवायला मला सात आठवडे लागले आणि त्यातले पाच आठवडे ‘एमजी’ (मिलिग्रॅम) आणि ‘एमसीजी’ (मायक्रोग्रॅम) यांच्यामधल्या एका ‘सी’ने खाल्ले. हे लिहिताना माझा राग अजून पुरता निवळलेला नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

वडिलांच्या जुन्या खात्याकडून निवृत्तीनंतरही त्या दोघांच्या औषधपाण्याचा खर्च मिळतो. अर्ज भरणे, बिले तारखेप्रमाणे लावणे, पासबुकाची प्रत जोडणे ही कामे इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी एका दुपारीच उरकली. पंधरा दिवसांनी तो गठ्ठा परत आला. वर लाल शाईत हिंदीत शेरा होता, की चिठ्ठीवरची आणि बिलावरची मात्रा जुळत नाही.

आमचे डॉक्टर जुन्या वळणाचे असल्यामुळे त्यांनी चिठ्ठीत ‘0.05 एमजी’ असे लिहिले होते. औषध मी दवा बाजारातून आणले होते आणि तिथल्या छापील बिलात औषधाच्या नावाचा रकाना इतका अरुंद होता, की ‘50 एमसीजी’मधले ‘50 एम’ एवढेच उमटून पुढची अक्षरे कापली गेली होती. टेबलावरच्या बाबूंनी ते साहजिकच 50 मिलिग्रॅम असे वाचले. एका कागदावर 0.05 आणि दुसऱ्यावर 50, म्हणजे सरळ हजारपट फरक. त्यांच्या जागी मी असते तरी थबकले असते, हे आज कबूल करते; त्या दिवशी मात्र केले नव्हते.

मी त्यांना समजावू लागले, की एका ग्रॅमचे हजार मिलिग्रॅम आणि एका मिलिग्रॅमचे पुन्हा हजार मायक्रोग्रॅम. म्हणजे मायक्रोग्रॅम हा ग्रॅमचा दहा लाखावा भाग, आणि म्हणून 0.05 मिलिग्रॅम आणि 50 मायक्रोग्रॅम हे एकच वजन आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मॅडम, आप सही होंगी, पर काग़ज़ पर तो ‘एम’ ही लिखा है।” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. डॉक्टरांचे पत्र आणा, असे त्यांनी सांगितले.

डॉक्टर त्या वेळी मुलीकडे पुण्याला गेलेले होते. ते परत येईपर्यंत दोन आठवडे गेले. परतल्यावर त्यांनी पत्राचा मजकूर तोंडी सांगितला, कंपाउंडरने तो टंकला, डॉक्टरांनी सही केली आणि मी पाकीट घेऊन थेट कार्यालय गाठले. पत्र वाचून पाहण्याइतकाही धीर मला नव्हता आणि इथेच माझी स्वतःची चूक झाली. पत्रात ‘रुग्णास रोज 50 मिलिग्रॅमची एक गोळी चालू आहे’ असे छापून गेले होते! आठवडाभराने तोच गठ्ठा नव्या शेऱ्यासह परत आला. आता चिठ्ठी एक सांगत होती, पत्र दुसरे सांगत होते आणि बिल अर्धवट बोलत होते. खरोखरच कुणी रोज 50 मिलिग्रॅम थायरॉक्सिन, म्हणजे आईचे हे औषध, घेतले, तर ते आईच्या एका दिवसाच्या मात्रेच्या हजारपट होईल आणि त्याने जीव धोक्यात येईल. तेव्हा कुठे मला हा प्रकार केवळ कारकुनी वाटेनासा झाला. म्हणून सांगते, की डॉक्टरांचे कोणतेही पत्र दवाखान्याच्या पायरीवरच उभे राहून वाचावे आणि ‘मायक्रोग्रॅम’ हा शब्द अक्षरांत पूर्ण लिहून घ्यावा. मायक्रोसाठी ग्रीक म्यू वापरण्याची पद्धत आहे खरी, पण हाताने लिहिलेला म्यू घाईत एमसारखा दिसतो, म्हणूनच औषधांच्या लेखनात ‘एमसीजी’ बरे मानतात. दशांश चिन्हाचेही तसेच आहे. ते पुसट झाले की आकडा क्षणात वाढतो, त्यामुळे 0.05 पेक्षा 50 हा पूर्णांक कधीही सुरक्षित.

त्या रात्री मी आईपुढे तक्रारी करत बसले असताना तिने विचारले, की हे मायक्रोग्रॅम गुंजेच्या हिशेबात किती होतात. तिच्या लहानपणी घरात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हेच चालत असे. तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, त्यामुळे गुंज साधारण 121 मिलिग्रॅमची, म्हणजेच सव्वा लाखाच्या आसपास मायक्रोग्रॅमची झाली. भागाकार केल्यावर दिसले, की सराफ्यातल्या एका गुंजेच्या वजनाएवढे औषध आईला साडेसहा वर्षांहून अधिक पुरेल. गोळी हाताला लागते, ती त्यात मिसळलेल्या इतर पदार्थांमुळे. मूळ औषध डोळ्यांनाही दिसू नये इतके थोडे असते.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवसांत वारंवार आठवत असे. पॅरिसजवळ सेव्र इथे जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा किलोग्रॅम 1889 पासून जगाचे प्रमाण होता. त्याच्या अनेक प्रतींशी तुलना केल्यावर शंभर वर्षांत त्यांच्यात सुमारे 50 मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे आढळले. अशा फरकांमुळे तो ठोकळा बेभरवशाचा ठरला आणि 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवरून, केली जाते. म्हणजे आईच्या एका गोळीतल्या औषधाएवढ्या फरकाने जगभरच्या शास्त्रज्ञांची झोप उडाली होती. मग आमच्या बाबूंनी हजारपट फरकावर अडून बसावे, यात नवल ते काय!

शेवटी काम झाले ते बाटलीवरच्या लेबलामुळे. गोल बाटलीची झेरॉक्स नीट निघेना, कडेची अक्षरे वाकडी होऊन काळी पडत होती. तेव्हा मी रिकामी बाटली कोमट पाण्यात ठेवली, लेबल अलगद सोडवले, टीपकागदात वाळवले आणि कोऱ्या कागदावर चिकटवले. त्यावर ‘50 एमसीजी’ स्वच्छ वाचता येत होते. शेजारी चिठ्ठीतला आकडा आणि 0.05 गुणिले 1000 बरोबर 50 एवढी एकच ओळ मी लिहिली. डॉक्टरांकडून दुरुस्त पत्र घेतले आणि या वेळी ते दोनदा वाचले. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तिन्ही कागद समोर ठेवून जेमतेम एका मिनिटात सही केली. त्या एका मिनिटाने मला सगळ्यात जास्त चीड आणली.

मघाशी सांगायचे राहिले, की त्याच बिलात ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी होती. ते युनिट वजनाचे नव्हेच. 40 युनिटचा एक मायक्रोग्रॅम धरतात, म्हणजे ती पुडी 1,500 मायक्रोग्रॅमची. तिच्यावर कुणी बोट ठेवले नाही, कारण दोन्ही कागदांवर 60,000 हाच आकडा होता. तपासणीच्या अहवालात ड जीवनसत्त्व नॅनोग्रॅममध्ये आणि बी-12 पिकोग्रॅममध्ये येते. ती एकके आणखी हजार-हजार पटींनी लहान असतात, तेव्हा आकडे उतरवताना त्यांची नावेही उतरवावीत.

डॉक्टर आता चिठ्ठीवर ‘50 मायक्रोग्रॅम’ असे पूर्ण लिहून देतात. पुढचा अर्ज येत्या महिन्यात द्यायचा आहे. दवा बाजारातले नवे बिल काल आणले, त्यावर ‘50 एम’ एवढेच छापून आले आहे, म्हणून मी दुकानदाराकडून उरलेली दोन अक्षरे पेनने लिहून घेतली आणि शेजारी त्याची सही व शिक्काही घेतला.