विहिरीला एअरकोड नसतो

आयर्लंडमध्ये पत्ता म्हणजे एअरकोड. सात अक्षरं-आकडे टाकले की गाडी थेट दारात. पण हा कोड टपाल येतं त्या जागेला मिळतो आणि विहिरीला कोणी पत्र लिहीत नाही. क्लेअर काउंटीतल्या, संत ब्रिगिडच्या नावाच्या एका छोट्या पवित्र विहिरीची वाट विचारायला मी एका कार्यालयाचा ऑनलाइन अर्ज भरला, तर त्यात 'जागेचा एअरकोड' हा रकाना सक्तीचा! रिकामा ठेवला की अर्ज पुढे सरकेना. शेवटी वैतागून स्वतःच्या घराचा कोड टाकला. अडीच आठवड्यांनी उत्तर आलं: सदर पत्ता आमच्या हद्दीत येत नाही.

नुसतं नाव घेऊन शोधायला जाऊ नका. ब्रिगिडच्या विहिरी देशभर आहेत आणि क्लेअरचं नाव टाकलं की मोबाइल हमखास लिसकॅनर गावच्या विहिरीला नेतो. ती मोहेरच्या कड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच आहे, सापडायला काहीच कष्ट नाहीत. पाण्यापर्यंत जाणारी अरुंद दगडी बोळ, भिंतीभर जपमाळा, मूर्ती, गेलेल्या माणसांचे फोटो, दमट हवेने कडा सुटलेली कार्डं. जरूर बघा. पण मला हवी होती ती दुसरी.

किल्ली आहे टाउनलँड. आपल्या सातबाऱ्यावरचं 'मौजे' समजा. देशात असे साठ हजारांवर आहेत, आणि जुन्या नोंदी सगळ्या त्याच नावाने लावलेल्या. तेव्हा आधी टाउनलँड, मग विहीर. गावनावांच्या सरकारी कोशात (लोगेनम) टाउनलँडचं आयरिश रूपही मिळतं. नावात 'टोबर' किंवा 'टबर' दिसलं तर कान टवकारा. आयरिशमध्ये 'तोबर' म्हणजे विहीर.

मग राष्ट्रीय स्मारक विभागाचा ऑनलाइन नकाशा उघडा आणि 'होली वेल' हा वर्ग निवडा. प्रत्येक ठिपक्याला एक क्रमांक असतो: पहिली दोन अक्षरं काउंटीची (क्लेअरला सीएल, कॉर्कला सीओ), पुढचे तीन आकडे जुन्या सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशाच्या पानाचे. लोक ठिपका बघून निघतात. तसं करू नका, ठिपक्यावर टिचकी मारून वर्णन शेवटपर्यंत वाचा. 'पृष्ठभागावर अवशेष दिसत नाहीत' असं लिहिलेलं असेल तर तिथे फक्त गवत आहे: शेतातला निचरा बदलला, झरा आटला किंवा खड्डा बुजवला. मी हे वाक्य वाचलं ते गुडघाभर लव्हाळ्यात उभं राहून. त्याच पडद्यावर १८३०-४० च्या दशकांतला जुना नकाशाही आजच्या नकाशावर ठेवून बघता येतो. विहीर जुन्या नकाशात कुंपणाच्या कोणत्या बाजूला होती ते बघा. बांध सहसा हलत नाहीत.

आणि हो, 'विहीर' म्हणून रहाट, कठडा शोधाल तर शेजारून निघून जाल. बहुतेक ठिकाणी दगडांनी बांधलेला वीतभर ते हातभर खोल झरा असतो, वर एखादं हॉथॉर्नचं किंवा अॅशचं झाड. आपल्याकडचं छोटं कुंड.

दंतकथांसाठी शाळांचा संग्रह वाचा. १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकून वह्या भरल्या. त्या आता दूखस (duchas.ie) या संकेतस्थळावर आहेत. पाण्यात दिसणारा मासा, कितीही तापवलं तरी न उकळणारं पाणी, कोणी कपडे धुतले म्हणून रुसून दुसरीकडे गेलेली विहीर, हे सगळं तिथे सापडतं. पण शोधपेटीवर विसंबू नका. स्वयंसेवकांनी टंकित केलेलीच पानं शोधात येतात, म्हणून टाउनलँडजवळच्या शाळेची वही उघडून पानं उलटा. आयरिश पानं जुन्या लिपीत असतात. अक्षरावर टिंब दिसलं की त्यापुढे 'एच' आहे असं वाचा. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंटी या संग्रहात नाहीत, तिथल्या विहिरीसाठी इथे वेळ घालवू नका.

मला अखेर विहीर दाखवली ती शेजारच्या शेतकऱ्याने, चार मिनिटांत. हे आधी सुचलं असतं तर अर्जच भरला नसता! तरी परवानगी ही औपचारिकता समजू नका. इथे कोणाच्याही शेतातून चालायचा सरसकट हक्क नाही. फाटक उघडं असेल तर उघडंच ठेवा, बंद असेल तर बंद. वसंतात वासरांच्या गाई अंगावर येतात, म्हणून कळप असेल तर बांधाकडेने जा.

विहिरीभोवती प्रार्थना करत घालायच्या फेऱ्या सोप्या. आपल्या प्रदक्षिणेसारख्या उजवीकडून, सूर्याच्या दिशेने, आयरिशमध्ये 'देशल'. किती घालायच्या ते विहिरीगणिक बदलतं. तेवढे खडे आधी वेचून दर फेरीला एक टाकायचा, म्हणजे प्रार्थनेत आकडा चुकत नाही. उलट्या फेऱ्या शाप द्यायला असतात, तेव्हा गंमत म्हणूनही नको.

चिंधी बांधायचीच तर सुती आणि सैल. कापड पाण्यात बुडवायचं, दुखऱ्या जागी लावायचं, झाडाला बांधायचं. ते कुजेल तसं दुखणं जाईल, अशी समजूत. नायलॉन कुजतच नाही, म्हणजे नवस अडकला आणि घट्ट गाठीने फांदीची सालही कापली. खोडात नाणी ठोकून लोकांनी झाडं मारली आहेत.

पाणी पिऊ नका, डोळ्यांनाही लावू नका, मग विहीर डोळ्यांसाठी प्रसिद्ध का असेना. ब्रिगिडचा सण १ फेब्रुवारीला आणि हिवाळ्यातली बंदी उठून शेतांत शेणकाला पसरायला सुरुवात होते तीही जानेवारीच्या उत्तरार्धात. झरा उथळ, उतार त्याच्याकडे.

गर्दीतला सण बघायचा तर ११ फेब्रुवारीला कॉर्कमधल्या बॅलीवूर्नीला जा, गॉबनेटच्या दिवशी. ही मधमाश्यांची संत. नऊ पांढरी हरणं चरताना दिसतील तिथे थांब, असं तिला सांगितलं होतं म्हणे. फेऱ्या घालणारे दगडांवर खड्याने क्रॉस कोरतात, त्या खाचा बोटाला लागतात. तिची मध्ययुगीन लाकडी मूर्ती त्या दिवशी बाहेर काढतात आणि लोक मूर्तीच्या उंचीएवढी आणि घेराएवढी रिबन मोजून घरी नेतात, आजारी माणसाच्या अंगावर ठेवायला. रिबन घरूनच न्या, आणि लांब न्या. माझी आखूड पडली.