पॅटनचा टरेट पाहायला अहिल्यानगरला

१९६५ च्या भारत-पाक युद्धात खेमकरणच्या लढाईत पाकिस्तानने वापरलेल्या पॅटन एम ४७ रणगाड्याची १:३५ प्रमाणातील प्रतिकृती गेले चार महिने माझ्या टेबलावर अर्धवट पडून होती. काम अडले होते टरेटपाशी, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजापाशी. किटमधील टरेट काचेसारखा गुळगुळीत निघाला होता, आणि खरा टरेट ओतीव पोलादाचा असल्यामुळे त्यावर ओतकामाचा खडबडीतपणा असणार, हे मला ठाऊक होते. पण तो कोठे किती, हे छायाचित्रांवरून काही केल्या ठरेना. म्हणून एका शनिवारी भल्या पहाटे पुण्याहून निघाले आणि शिरूर, सुपे मागे टाकत अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय गाठले.

भारतीय लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभारलेल्या या संग्रहालयात सेंच्युरियन, शेरमन, विजयंता असे कितीतरी रणगाडे उघड्यावर उभे आहेत. त्यांच्यापाशी मी थांबले नाही. सरळ पॅटनकडे गेले.

आधी ओळख पटवणे आवश्यक होते, कारण पॅटन म्हटले की एम ४७ आणि एम ४८ यांची सर्रास गल्लत होते. एम ४७ मध्ये चालकाशेजारी पाचवा सैनिक बसत असे, म्हणून पुढच्या उतरत्या चिलखतात त्याच्या मशीनगनची जागा दिसते. एम ४८ मध्ये हे आसनच उरले नाही. एम ४७ चे मफलर, म्हणजे इंजिनाच्या धुराचा आवाज दाबणारे डबे, दोन्ही बाजूंच्या फेंडरवर, म्हणजे ट्रॅकवरच्या पत्र्यावर असतात. ट्रॅकच्या, म्हणजे पोलादी पट्ट्याच्या, वरच्या भागाला आधार देणारे रोलर एम ४७ ला प्रत्येक बाजूस ३, तर सुरुवातीच्या एम ४८ ला ५. मी ते दोनदा मोजले, तेव्हा कोठे जिवाला स्वस्थता आली.

सकाळचे ऊन तिरपे होते, आणि ओतकाम पाहायला त्यासारखा प्रकाश नाही. टरेटच्या कुशीवर बारीक दाणेदार उंचसखलपणा उठून दिसत होता, मात्र झाकणांच्या कडा यंत्रावर तासल्याप्रमाणे साफ होत्या. किटच्या जोडणीपत्रकाची झेरॉक्स सोबत नेली होती. तिच्यावर खडबडीत भाग पेन्सिलीने गडद केले आणि गुळगुळीत भाग कोरे सोडले. खरा रणगाडा सुमारे ३.५१ मीटर रुंद, म्हणजे माझ्या प्रतिकृतीत जेमतेम १० सेंटिमीटर. बोटभर जाडीची वेल्डिंगची रेघ तेथे अर्ध्या मिलिमीटरवर येते. त्यामुळे दाणा जरा जरी मोठा झाला, तरी पोलादाऐवजी सिमेंटचा गिलावा वाटू लागतो.

रंगाच्या बाबतीत मात्र संग्रहालयातील रणगाड्यावर विसंबून चालत नाही. उघड्यावरच्या रणगाड्यांना वेळोवेळी रंग द्यावाच लागतो, आणि फेंडरवरची फावडी, टिकाव, दोरखंड अशी सुटी अवजारे इतक्या वर्षांत जागेवर राहतीलच असे नाही. आकार आणि पोत येथून घ्यावा. रंग, खुणा आणि सामानाची मांडणी यांसाठी लढाईनंतर भिखीविंडजवळच्या ‘पॅटननगर’ येथे गोळा केलेल्या रणगाड्यांची १९६५ मधील छायाचित्रे पाहावीत, असे मी ठरवले. ज्या युद्धात दोन्हीकडची माणसे अशा रणगाड्यांत जळून गेली, त्याची प्रतिकृती अंदाजपंचे करणे मला पटत नाही.

त्याच रात्री पातळ केलेली पुट्टी टरेटवर लावून ती ओली असतानाच झिजलेल्या ब्रशने टिपली. पहिला थर जाड झाला, म्हणून घासून काढला. दुसरा थर आता वाळतो आहे.